तेंदूच्या फळीवरून थेट परदेशात: नवशिक्यांसाठी कमाईचे धडे

वडसा, चामोर्शी, राजुरा, सिरोंचा इकडून परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींसाठी हे धडे आहेत. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती मिळालेल्यांनी ते एकदा वाचावेत. शेत गहाण टाकून निघालेल्यांनी दोनदा.

आधी पात्रता पाहू. मे महिन्यात पहाटे चारला तुम्ही आईमागे जंगलात गेला असाल, दुपारी ओसरीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधले असतील आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे तेंदूपत्ता खरेदीच्या ठिकाणी, मुंशीसमोर ते मोजून दिले असतील, तर 'कामाचा अनुभव' हा रकाना बिनधास्त भरा. शेजारी मोहफुलंही लिहा. अडचण एवढीच, की आपल्याकडे पुडे मोजतात आणि तिकडे तास. हात जितका चलाख तितके पुडे जास्त, हे गणित विमानतळावरच सोडून द्यायचं.

धडा पहिला, ब्रिटन. पदवी किंवा त्यावरच्या शिक्षणासाठी गेलेल्याला सत्र चालू असताना बहुधा आठवड्याला २० तास काम करता येतं. खरी मर्यादा तुमच्या व्हिसावर लिहिलेली असते, ती वाचा. आठवडा सोमवारी उघडतो, रविवारी मिटतो. या आठवड्यात १५ केले, पुढच्यात २५ करून टाकतो, ही उधारी गावच्या किराणा दुकानात चालते, तिथे नाही. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हींची बेरीज धरतात.

हे मला खानावळीतल्या भांड्यांनी शिकवलं. एका शनिवारी रात्री खोलीवर येऊन वहीत आठवडा मांडला. भांडी १२ तास, विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं लावणं ८ तास. ग्रंथालय आपल्याच विद्यापीठाचं, ते कशाला मोजतील, असं मी आठवडाभर धरून चाललो होतो. ते मोजतात. वीस भरले होते आणि रविवारी सकाळी खानावळीत दोन तासांची पाळी लागलेली. मालकाला फोन केला. तो म्हणाला, ये तू, वरचे रोख देतो, कागदावर कशाला! हे वाक्य मी लहानपणी फळीवर ऐकलेलं. वही नको म्हणणारा कुणाच्या बाजूनं मोजतो, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मेंढा-लेखा गावानं २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आणलं, ते काय हौसेनं? वही आपल्या हाती असावी म्हणूनच. मी त्या पाळीला गेलो नाही. पुढच्या आठवड्यात मला बोलावणंही आलं नाही.

धडा दुसरा, ब्रिटनमध्येच काय करू नये. स्वतःचा धंदा नाही. सायकलवरून घरोघरी जेवण पोचवणं दिसायला नोकरी, पण कागदोपत्री बहुतेकदा स्वतःचाच धंदा असतो, म्हणून तेही नाही. आणि झाडीपट्टीच्या नाटकात रात्र रात्र जागवलेल्यांनी खास ध्यानात ठेवावं: विद्यार्थी व्हिसावर पैसे घेऊन कलाकार म्हणून रंगमंचावर उभं राहायला मनाई आहे. वडसाच्या मंडळीत खलनायक केला असेल तर कौतुक घरीच ठेवा.

बाकीचे देश थोडक्यात. ऑस्ट्रेलियात दोन आठवड्यांत मिळून ४८ तास. कॅनडानं नोव्हेंबर २०२४ मध्ये आठवड्याचे २० होते ते २४ केले. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे. अमेरिकेत पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या आवाराबाहेर काम नाही, आवारातही सत्रात आठवड्याला २० तासच.

आता फीचं बोलू, कारण एजंट हमखास सांगतो की काम करून फी निघते. ब्रिटनमध्ये २१ वर्षं आणि त्यावरच्यांचं किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये तासाला १२.२१ पौंड झालं. त्या दरानं वीस तासांचे २४४ पौंड आणि वर चिल्लर. मोठ्या शहरात यातला मोठा घास खोलीभाडंच खातं. उरलेल्यात डाळ-तांदूळ, बस आणि घरी लावायचा फोन. व्हिसाच्या अर्जात खर्चाची सोय दाखवताना ही पुढची कमाई धरताही येत नाही. एजंटाला हे विचारून पाहा, त्याला लगेच दुसरा फोन येईल.

शेवटचा धडा जूनमध्ये कळतो, तोवर उशीर झालेला असतो. मास्टर्सवाल्याला वाटतं, उन्हाळा आला, वर्ग संपले, आता पूर्णवेळ काम. का गा बाबू, प्रबंध कोण लिहिणार? ब्रिटनमध्ये तो काळ सहसा सुट्टी धरत नाहीत, २० तासांची दोरी तशीच बांधलेली राहते. तुमची सुट्टी कधी ते विद्यापीठाकडून लेखी घ्या, सोबत्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

आणि तास लिहायला शंभर पानी वही गावातूनच न्या. तिकडे महाग पडते.