वीतभर उंचीचा मुलूख

ज्या गृहस्थाने आपले घर आजवर उभ्याने, किंवा फार तर खुर्चीत बसून, पाहिले आहे, त्याने ते अर्धेच पाहिले आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत त्याच घरात एक निराळा मुलूख पसरलेला असतो; तेथे इस्तरीची वायर लोंबत असते, पलंगाखाली डास घालविण्याच्या कॉइलचा तुकडा असतो, फडताळाखाली गेल्या गणपतीतल्या खिरापतीची मनुका असते, आणि रीतसर पाहणी करणारा कोणी अधिकारी येईपर्यंत यांपैकी कशाचीही दप्तरी नोंद नसते. आमच्या गोवंडीच्या घरी हा अधिकारी स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीखालून, कन्येच्या ओढणीत गुंडाळलेल्या अवस्थेत, रुजू झाला. वर्ण तांबूस, एक कान उभा, दुसरा पडलेला, जात गावठी. आईने त्याचे नाव सुभेदार ठेवले आणि सायंकाळच्या आत माझे जोडे जप्त करून त्याने ते सार्थही केले.

पशुवैद्यांनी घालून दिलेल्या जाबत्यातले पहिलेच कलम या मुलखाच्या झडतीचे होते. चॉकलेट, कांदा, लसूण हे पदार्थ कुत्र्याला विषासमान, आणि द्राक्षे व मनुका तर थेट मूत्रपिंडांवर घाला घालणाऱ्या. "साहेब, आधी रांगत रांगत घर बघा," ते म्हणाले. आणि सेवानिवृत्तीस टेकलेल्या माझ्यासारख्या इसमाने, सौभाग्यवती विजेरी घेऊन मागून येत असता, दिवाणखान्यापासून मोरीपर्यंत जो पंचनामा केला, त्यात मनुका तर सापडलीच, पण जिच्यापायी एकदा घरात महाभारत घडले होते ती कपाटाची किल्लीही सापडली.

दुसरे कलम लसींचे. सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सोळाव्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी टोचणी, तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस, आणि हे सारे पुरे होईतो पार्व्हो व डिस्टेंपर या रोगांच्या भयास्तव रस्त्याच्या मातीस पाय लागता कामा नये. परंतु पिल्लाचा स्वभाव घडतो तोही तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यांच्या सुमारासच. सबब जगाची ओळख याच मुदतीत व्हावयास हवी. रस्ता दाखवावा पण शिवू देऊ नये, या दोन हुकुमांचा मेळ घालण्यासाठी मी सुभेदारांना छातीशी धरून रोज सकाळी पालखीच्या भोयाप्रमाणे मिरवू लागलो, आणि हार्बर लोकलचा भोंगा, रिक्षांची खडखड, मशिदीची बांग व आभाळात घिरट्या घालणाऱ्या घारी यांची मुलाखत घडवू लागलो. मासळीवाल्या मावशी विचारीत, "काका, पाय दुखतात का हो त्याचे?"

वाऱ्याने दिशा बदलली म्हणजे 1927 पासून मुंबईचा कचरा पोटात घेणारे देवनारचे ढिगारे आणि 1971 साली सुरू झालेला तेथील कत्तलखाना यांचा संयुक्त खलिता आमच्या खिडकीशी येतो. आम्ही तावदाने धडाधड लावून घेतो. सुभेदार मात्र गजाला नाक टेकवून, डोळे अर्धे मिटून, नाकपुड्या थरथरवीत तो अथपासून इतिपर्यंत वाचतात. माणसाच्या नाकात गंधग्राहक सुमारे साठ लाख, कुत्र्याच्या नाकात तीस कोटींपर्यंत; तेव्हा आमची तक्रार ही निरक्षराने ग्रंथालयाविरुद्ध केलेली फिर्याद ठरावी.

याच नाकामुळे लघुशंकेचे शिक्षण जिकिरीचे होते, कारण जेथे गंध उरतो तेथे पिल्लू पुन्हा येते, आणि अमोनियायुक्त द्रवाने फरशी पुसल्यास त्यास ते आमंत्रणच वाटते. वयाचे जितके महिने, त्याहून एक अधिक इतके तास ते फार तर तग धरते. झोप, जेवण व खेळ यांनंतर तर तितकेही नाही. अशा वेळी त्याला नेमून दिलेल्या जागी न्यावे, कार्यसिद्धी होताच तत्क्षणी खाऊ द्यावा. मागाहून केलेला दंड कशाबद्दल हे त्याला उमगत नाही. आम्ही जुनी वृत्तपत्रे अंथरली. सुभेदारांनी अग्रलेखाचे पान पसंत केले; त्यांच्या राजकीय मतांच्या खोलात मी गेलो नाही.

जोड्यांचा बंदोबस्त अवघड होता. "नामदेवराय कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, आणि तू चपलेसाठी धावतोस!" असे आई म्हणाली, आणि शास्त्रही तिच्याच बाजूने निघाले. पाठलाग हा पिल्लाला खेळ वाटतो. म्हणून धावू नये, अधिक मोलाची वस्तू पुढे करून सौदा करावा. अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस कायमचे येईपर्यंत हा व्यापार चालावयाचा.

अशात सोसायटीचे चिटणीस कुत्राबंदीची नोटीस घेऊन आले. याच शहरात 1832 साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी मंडळींनी हरताळ पाडून कुलाब्याच्या फौजेची रसद अडविली होती, हे मी त्यांच्या नजरेस आणले. 1960 च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या जीवजंतु कल्याण मंडळाच्या सूचनांप्रमाणे बहुमतानेही अशी बंदी घालता येत नाही, हेही सांगितले. ते नोटीस वाचण्याच्या हट्टास पेटले. तोवर खुर्चीखाली, म्हणजे त्यांच्या हुकमतीबाहेरच्या मुलखात, त्यांची एक कोल्हापुरी चप्पल हस्तगत झाली होती.

"धावू नका, सौदा करा," मी ओरडलो.

चिटणिसांनी गडबडीने हातात होते ते पुढे केले. सुभेदारांनी चप्पल सोडली आणि नोटीस घेतली.