सशावर उगीच आळ

"काकू, ऐकलंत का? देवास रोडच्या आमच्या वन्संच्या लॉनवर ससे येतात म्हणे!"

"ससे? इथे फ्रीगंजात जुने बंगले पाडून दुकानं झाली, लॉन म्हणून उरलंय कुणाकडे! पण त्यांच्या कॉलनीमागे अजून शेतं आहेत ना? येत असतील बाई."

"येतात कसले, उच्छाद मांडलाय. एवढा खर्च करून हिरवळ अंथरली, आणि सकाळी बघावं तर जागोजाग भोकं, मातीचे ढीग. भावजी आता उंदराचं विष घालायला निघालेत."

"थांब थांब. भोकं म्हणालीस? आणि ढीगसुद्धा?"

"हो, हे एवढाले!"

"मग तो ससा नव्हेच. आपला रानससा बीळ खणत नाही गं. गवतात अंगापुरता खळगा करतो आणि दबून बसतो. बिळं खणून वस्ती करणारे ते विलायती ससे. ही घूस आहे, माझ्याकडून लिहून घे."

"पण भावजींनी रात्री टॉर्च मारला, तर ससाच पळाला."

"पळाला असेल. तो चार पाती खायला आला होता. खणून गेली घूस आणि सापडला तो! हे बघ, सशानं खाल्लेलं पातं तिरकं, साफ कापलेलं असतं. जवळ गोल, सुक्या लेंड्या पडलेल्या दिसतात. मूळ शाबूत राहतं, पाणी मिळालं की हरळी परत फुटते. पिवळे गोल चट्टे पडले असतील तर कुत्र्याचं मुतणं. आणि ओढल्यावर हिरवळ सतरंजीसारखी उचलून आली तर खाली हुमणी, मुळं खाणारी अळी. आधी चोर कोण ते बघा, मग दंडुका काढा."

"तुम्हाला हो कसं एवढं ठाऊक?"

"माझं माहेर शाजापूरकडचं, विसरलीस? ससे काय, काळवीट आणि रोजडे, म्हणजे नीलगायीसुद्धा शेतात शिरायच्या. 2025 च्या दिवाळीच्या सुमारास तिकडे हेलिकॉप्टरनं कळप हाकत मोठ्या कुंपणात नेले. आठशेच्या वर काळवीट पकडले आणि गांधीसागरसारख्या अभयारण्यांत नेऊन सोडले. गोळी न घालता! सरकार काळविटासाठी हेलिकॉप्टर आणतं, तुझ्या भावजींना एक जाळी आणवत नाही?"

"विष स्वस्त पडतं म्हणतात."

"स्वस्त? सांग त्यांना, 1972 च्या वन्यजीव कायद्यात ससा संरक्षित आहे. मारणं गुन्हा, फास लावणं गुन्हा, पकडून घरी पाळणंही गुन्हा. शिवाय विष खाल्लेली घूस घुबडानं नाहीतर मांजरानं खाल्ली की तेही जातं. आणि डांबराच्या गोळ्याही टाकायच्या नाहीत, ते मातीत विषच."

"शेजारणीनं त्यांना तिखटाचं पाणी शिंपडायला सांगितलंय."

"शिंपडू दे. संध्याकाळी फवारा चालू केला की तिखट वाहून गेलं!"

"मग करायचं काय?"

"इंचभर भोकांची कोंबडीजाळी आणायची, जमिनीवर तीन फूट उंच राहील अशी. खालची वीतभर बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरायची, म्हणजे खालून शिरता येत नाही. फाटकाखालची फट बुजवायची. सगळ्या बागेला नको, नवी हिरवळ आणि रोपांचे वाफे एवढ्यालाच. मुळं धरली की सशानं थोडं खाल्लं तरी बिघडत नाही. भिंतीकडेचं उंच गवत कापून टाकलं की त्याला दबून बसायला जागा उरत नाही, मग तो रेंगाळत नाही. घुशीसाठी मात्र खरकटं उघड्यावर टाकणं बंद. ते तर तुझ्या वन्सं करतातच."

"हो ना, भाताचं भांडं तिथेच रिकामं करतात! पण काकू, जाळीनं खरंच भागतं? आमचा मेलबर्नचा भाचा सांगत होता, ऑस्ट्रेलियात सशांसाठी केवढं तरी कुंपण घातलंय."

"घातलंय की. 1859 मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदारानं शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून ससे आणवून सोडले. ते इतके माजले की पश्चिमेकडे तीन हजार किलोमीटरांहून लांब कुंपणं घालावी लागली. 1907 मध्ये काम पुरं झालं, तोवर ससे पलीकडे पोचलेसुद्धा! पण तिथे ते उपरे. आपला ससा इथलाच, त्याला घार आहे, कोल्हा आहे, मुंगूस आहे. त्याची कसली आलीय टोळधाड!"

"बरं, मी आजच वन्संना फोन करते."

"कर. आणि एक आवर्जून सांग. जाळी ठोकायच्या आधी सगळं गवत नीट बघून घ्या म्हणावं. सशाची पिल्लं उघड्या डोळ्यांची, केसाळ जन्मतात आणि गवतात एकटीच बसून असतात. आईनं टाकलेली नसतात ती, आई अंधार पडल्यावर दूध पाजायला येते. दिसली तर हात लावायचा नाही, उचलून आत आणायची नाहीत. चार दिवस जाळी थांबली तर हिरवळीचं काही बिघडत नाही."