आधी ऐका, मग प्रोसेस काढा

खासगी फौजदारी फिर्यादीचा प्रवास कोर्टात ज्याने पाहिला आहे त्याला हे नवीन नाही. फिर्यादी शपथेवर जबाब द्यायचा, वकिलांच्या भाषेत व्हेरिफिकेशन व्हायचं, आणि पुढच्या एखाद्या तारखेला हुकूम व्हायचा: प्रोसेस काढा, म्हणजे आरोपीला समन्स पाठवा. ज्याच्यावर फिर्याद आहे तो त्या वेळी दुकानात, शेतात नाहीतर वर्गात शिकवत असायचा. त्याला पहिली खबर मिळायची ती समन्स घेऊन दारात आलेल्या हवालदाराकडून. मग वकील शोधा, जामीनदार शोधा, त्याची कागदपत्रं जमवा. पासपोर्टचं नूतनीकरण आलं तर कोर्टाची परवानगी आणा, कारण खटला चालू आहे एवढ्यावरून पासपोर्ट नाकारण्याची तरतूद १९६७ च्या कायद्यात आहे. शेवटी माणूस निर्दोष सुटला तरी तारखांत गेलेली वर्षं त्याला कोण भरून देणार?

ही रीत जुनीच, जून २०२४ पर्यंत चालत आलेली. प्रोसेस निघेपर्यंत आरोपीने हवं तर कोर्टात येऊन बसावं, पण तोंड उघडू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा निकाल आहे. २००४ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की दंडाधिकाऱ्याने एकदा काढलेली प्रोसेस त्याला मागेही घेता येत नाही. म्हणजे आधी बोलायचं नाही आणि नंतर बोलून उपयोग नाही. वर जा, उच्च न्यायालयात. गडचिरोलीच्या माणसाने नागपूर गाठायचं, सिंधुदुर्गातल्या माणसाने वर्षानुवर्षं मुंबई गाठली.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम २२३ मध्ये एक चांगली गोष्ट आली. फिर्यादीवरून गुन्ह्याची दखल घेण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने आरोपीला म्हणणं मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. नव्या संहितेतल्या पुष्कळ गोष्टींवर माझा आक्षेप आहे, या एका परंतुकाचं मात्र मी मनापासून स्वागत करतो. मे २०२५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने नॅशनल हेराल्ड प्रकरणात सोनिया आणि राहुल गांधींना नोटीस काढली ती याच कलमाखाली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक यांच्या पीठाने ठरवलं की ईडीची तक्रार असली तरी हा हक्क डावलता येणार नाही. ओकांनी वकिली सुरू केली ती ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात. खालच्या कोर्टातलं समन्स माणसाचं काय करतं ते त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

धनादेश न वटल्याच्या खटल्यांना सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये यातून वगळलं. ते मला पटतं. तिथे फिर्यादीआधीच मागणीची नोटीस जाते आणि पैसे भरायला पंधरा दिवस मिळतात. आरोपीला अंधारात ठेवलेलं नसतं.

आता खरी बोच. हे परंतुक फक्त फिर्यादीवरून चालणाऱ्या प्रकरणांना आहे. पोलीस ठाण्यातून दोषारोपपत्र आलं तर दखल घेण्याआधी आरोपीला विचारण्याचं बंधन कुणावरच नाही. शेजाऱ्याने कोर्टात फिर्याद केली तर तुमचं ऐकायचं, आणि ज्याच्यामागे अख्खं पोलीस खातं लागलंय त्याचं मात्र ऐकायचं नाही, हा कुठला न्याय? फौजदारी कायद्याचा खरा भार तर याच माणसावर पडतो. अनेकदा दोषारोपपत्र येतं तेव्हा तो साठ किंवा नव्वद दिवस तुरुंगात काढून बसलेला असतो.

जाणकार म्हणतील, दोषारोप ठेवण्याआधी दोषमुक्तीचा अर्ज करता येतो की! येतो. पण तिथे बघायचे ते सरकार पक्षाचेच कागद. आरोपीने आपला कागद त्या टप्प्यावर दाखवायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये पक्कं केलं. घटनेच्या दिवशी तो नाशिकला इस्पितळात होता याचा दाखला हातात असला तरी तो बचावाच्या साक्षीपर्यंत जपून ठेवायचा.

आधी ऐकणं कायद्याला जमत नाही असंही नाही. तक्रार लोकसेवकाविरुद्ध असेल, आणि ती त्याच्या कर्तव्याच्या ओघात घडलेल्या गोष्टीबद्दल असेल, तर याच संहितेच्या कलम १७५ नुसार तपासाचा हुकूम देतानाच त्याचं म्हणणं विचारात घ्यायचं आणि वरिष्ठाचा अहवाल मागवायचा. खुर्चीवरच्या माणसासाठी कायदा तपासाआधी थांबतो. खुर्चीसमोर उभ्या असलेल्या माणसासाठी तो दोषारोपपत्रानंतरही थांबत नाही.

गुन्हा नोंदवण्याआधी आरोपीला विचारा, असं मी म्हणत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की तो नोंदवलाच पाहिजे हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल योग्य आहे, तो पीडितांनी लढून मिळवला आहे. पैसेवाला आरोपी दखल घेण्याआधीच्या सुनावणीच्या नावाखाली तारखांवर तारखा घेईल ही भीतीही खरी आहे. छळाची फिर्याद घेऊन आलेल्या बाईला आणखी वर्षभर ताटकळत ठेवायचं नाही. म्हणून सुनावणी एकच असावी, ठरलेल्या दिवशी, आणि आरोपी आला नाही तर कोर्टाने पुढे जावं. नोटिशीसोबत फिर्याद, जबाब आणि कागद जोडलेले असलेच पाहिजेत. नुसत्या नोटिशीवर माणूस कशाचं उत्तर देणार?

पोलिसांच्या प्रकरणात तर कागदांचीही अडचण नाही. आरोपीला द्यायच्या दोषारोपपत्राच्या प्रती तपासी अंमलदाराने दोषारोपपत्राबरोबरच कोर्टात द्याव्यात असं कलम १९३ आज सांगतं. त्या आरोपीच्या हाती द्या, एक तारीख द्या, त्याचा कागद बघा आणि मग दखल घ्यायची की नाही ते ठरवा. कलम २२३ चं परंतुक एका वाक्याचं आहे. पोलीस अहवालावरून दखल घेण्याच्या कलम २१० लाही तेवढंच पुरेल.