महानगरपदाचे फर्मान

१९०६ साली सरकारने खानदेश जिल्ह्याची वाटणी करून पूर्वेचे दप्तर जळगावास व पश्चिमेचे धुळ्यास सोपविले, तेव्हापासून या दोन भावांनी परस्परांची बरोबरी कधी सोडली नाही. त्यामुळे २००३ साली दोघांनाही महानगरपद एकाच वर्षी बहाल झाले, यात नवल ते काय! जळगावने पालिकेसाठी सतरा मजली इमारत अगोदरच उभारून ठेवली होती खरी, परंतु रहिवाशांच्या खाजगी व्यवहारांची टेहळणी करण्यास एवढ्या उंचीचे मुळीच प्रयोजन नव्हते. ते कार्य प्रत्येक ओट्यावरून विनावेतन आणि अखंड चालूच असते. धुळ्यात तर कॅप्टन ब्रिग्जने १८१९ साली नवी पेठ सरळ रेषेत आखून दिल्यामुळे, कोणाच्या मुलीस पाहावयास कोण पाहुणे आले आणि त्यांनी होकार दिला की नाही, ही वार्ता पाहुण्यांचे पोहे संपण्यापूर्वीच चौथ्या गल्लीत निर्वेधपणे रुजू होते. ज्यास अनामिक राहण्याची हौस असेल त्याने खुशाल मुंबईची गाडी धरावी, मात्र फलाटावर “कथा चालना, भाऊ?” असे विचारणारे तीन इसम भेटतील, आणि त्यांपैकी एकाचे आरक्षण नेमके समोरच्या बाकावर असेल.