भोवरा दिसतो, बिल दिसत नाही

अकलूजच्या घोडेबाजारात दावणीच्या पार टोकाला बांधलेल्या घोड्याचा भोवरा आमच्या तात्यांना दिसतो. घरी आल्यावर हातातलं विजेचं बिल मात्र दिसत नाही. काकींचं निदान असं की, बिल भरायचं नसलं की माणसाला मोतीबिंदू होतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे तात्यांची बाजू घेणं मला भाग पडतं, आणि काकींच्या हिशेबात आता आम्ही दोघंही बिल चुकवणारे आहोत.

वास्तविक यात सोंग काही नाही. जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग फुगावं लागतं आणि वयाबरोबर ते फुगायला कुरकुरतं. दहा वर्षांच्या पोराला नाकापुढं आठ-दहा सेंटिमीटरवर धरलेलं अक्षरही स्वच्छ दिसतं. पंचेचाळिशीत तेच अक्षर वीत-दीड वीत लांब न्यावं लागतं, आणि साठीत जवळजवळ मीटरभर. तात्यांचा हात सत्तर सेंटिमीटरचा. म्हणजे बिल वाचायला त्यांना नजर पुरत नाही असं नव्हे, हात पुरत नाही.

घोड्याच्या दातांशी तर फारच पंचाईत होते. जनावराचं वय दातांवरून काढायचं असतं. त्यासाठी ओठ वर करायचा तर हात तोंडाशी पाहिजे, आणि दात दिसायचे तर डोळे मीटरभर मागं पाहिजेत. तात्या एका हातानं ओठ धरून कमरेतून मागं वाकतात. घोड्याला वाटतं, हा माणूस आपल्याला भ्याला.

पण भोवरा ही तात्यांची खासियत. कंठावर देवमण हा शुभ भोवरा असलेल्या घोड्याची किंमत चढते आणि अशुभ जागी भोवरा असला की उतरते, त्यामुळे बाजारात सगळ्यांचे डोळे केसांच्या वळणावर. तात्यांचा दावा शंभर मीटरचा आहे. मी एकदा फळ्यावर मांडून पाहिलं. निरोगी डोळा एक मिनिटाच्या कोनातल्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखतो; मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. दोन इंची भोवरा १७० मीटरवर साधारण एवढाच कोन करतो. पण तिथून तो नुसता ठिपका. तो भोवरा असेल, चिखल असेल, गोमाशी असेल. वळण ओळखायचं तर त्या दोन इंचांतले चार-पाच भाग वेगळे दिसायला हवेत, म्हणजे ३५ मीटरच्या आत यायला हवं. तात्या शंभर म्हणतात त्यातले ३५ मीटर डोळ्यांचे आणि उरलेले ६५ अनुभवाचे. कुठं काय असणार हे ठाऊक असलेल्याला ते आधी दिसतं.

शिवाय हा हिशेब स्वच्छ उजेडाचा आणि उठून दिसणाऱ्या रंगांचा. पंचकल्याण घोड्याचे चार पांढरे पाय आणि कपाळावरचा पांढरा पट्टा कुणालाही लांबून दिसेल. काळ्याभोर अंगावरचा काळाच भोवरा उन्हं कलल्याशिवाय उठत नाही. जाणते व्यापारी अडचणीचा घोडा भर दुपारी का दाखवतात, हे आता तुम्हाला कळलं असेल.

शेवटी आम्ही तात्यांना चष्म्याच्या दुकानात नेलं. भिंतीवर तो तक्ता होता, वर एक मोठं अक्षर आणि खाली मुंग्या. १८६२ साली हॉलंडमधल्या उत्रेख्तच्या हर्मन स्नेलन या डॉक्टरनं तो बेतला. सहा मीटरवरून वाचायची ओळ जेमतेम नऊ मिलिमीटर उंचीची, आणि तिच्या अक्षराची रेघ बरोबर एक मिनिटाच्या कोनाची. ६/६० म्हणजे चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून जे दिसतं त्यासाठी या गृहस्थांना सहा मीटरवर यावं लागतं. दुकान दहा फुटांचं असल्यामुळे तक्ता पेशंटच्या डोक्यामागं आणि समोर आरसा.

"आरसा तीन मीटर, आरशातनं तक्ता तीन मीटर," तात्या म्हणाले. "मग पैसं तीन मीटरचं घेणार का सहाचं?"

आमचा नंबर येईस्तोवर पुढची बरीच मंडळी बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओळी वाचून गेली होती. तात्या खुर्चीत बसले आणि वरपासून खालपर्यंत तक्ता घडाघडा म्हणाले. तपासणारा मुलगा नम्रपणे म्हणाला, "काका, आता डोळे उघडून म्हणा."

डोळे उघडल्यावरही लांबची नजर चांगलीच निघाली. फक्त मुलगा सारखा सांगत होता, "डोळे बारीक करू नका." डोळे किलकिले केले की सैरभैर शिरणारे किरण कापले जातात आणि नंबर असलेला डोळाही थोडा वेळ शहाण्यासारखा वागतो. कडक उन्हात बाहुली आपोआप दोन-तीन मिलिमीटरची होते, तिचा फायदा तोच. म्हणून तात्यांना दुपारी अंगणात बिलाचा आकडा कसाबसा लागतो आणि रात्री ट्यूबलाइटखाली लागत नाही. काकींनी हे दोन्ही प्रसंग पाहिले होते. पुरावा म्हणून तेवढे त्यांना पुरे होते.

रात्रीचा हिशेब सगळ्यांचाच बिघडतो. उजेडात बारीक बघणाऱ्या शंकूपेशी अंधारात हात टेकतात, मग दंडपेशी कामाला लागतात. त्यांना उजेड थोडका चालतो, पण अक्षरओळख बेताची. निव्वळ त्यांच्यावर भिस्त ठेवली तर नजर दहाव्या हिश्श्यावर येते. अंधाराला पुरतं सरावायला अर्धा तास लागतो आणि समोरच्या गाडीचा एक प्रखर दिवा ती कमाई क्षणात बुडवतो. गळीत हंगामात माळीनगरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या बघा. पुढं ट्रॅक्टरवर रोषणाई, मोठा आवाज, गाणी. मागं दिवा नाही, चमकपट्टी नाही. काळोखात काळसर ऊस. तिथं ६/६ वाला आणि ६/६० वाला एकाच पंगतीला.

अंधुक तारा बघायचा तर नजर किंचित बाजूला ठेवावी, कारण डोळ्याच्या ऐन मध्यात दंडपेशी नसतातच. लग्नात अरुंधती दाखवतात तेव्हा हे कुणी सांगत नाही. अरुंधती वसिष्ठापासून बारा मिनिटांच्या कोनावर, म्हणजे नजरेच्या तीक्ष्णतेला ती काहीच अवघड नाही. अडचण फक्त तिच्या मंद उजेडाची. ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचं आयुष्य सरलं, असं सुश्रुतसंहितेत म्हटलं आहे. त्या काळी चौकात हायमास्ट नव्हता. आज तो नियम लावला तर चौकातली सगळी दुकानं रिकामी करावी लागतील. भटजी मांडवाच्या छताकडं बोट करून "दिसली?" विचारतात, नवरी "दिसली" म्हणते, आणि पंगत बसते.

तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण अकलूजला होतं. पळता घोडा डोळ्यांत धरून ठेवणं हे थांबलेला घोडा बघण्यापेक्षा वेगळं काम. डोळा घोड्यामागं धावतो, मागं पडतो, उडी मारून पुन्हा गाठतो, आणि त्या उडीत काहीच धड दिसत नाही. त्यात धुरळा. तरी रिंगण झाल्यावर प्रत्येक जण घोड्याच्या टापा मोजल्यासारखा बोलतो.

आणि लावणी! इथल्या लावणी स्पर्धेनं गावाचं नाव राज्यभर केलं, पण डोळ्यांची मर्यादाही तिथंच उघडी पडते. लख्ख दिसतं ते फक्त नजरेच्या मधल्या दोनेक अंशांत. तीन मीटरवरच्या रंगमंचावर तो पट्टा जेमतेम दहा सेंटिमीटरचा. म्हणजे चेहऱ्यावरची अदा बघितली की घुंगरांचं पाऊल हुकतं आणि पावलांकडं बघितलं की अदा. पुढच्या रांगेतून येणारा "वन्स मोअर" मी त्यामुळे रसिकतेच्या खात्यावर टाकत नाही. त्यांचा निम्मा कार्यक्रम बघायचा राहिलेला असतो.

तर तात्यांना जवळचा चष्मा लागला. बिल त्यांनी वाचलं आणि काकींकडं दिलं. मग गोठ्यात जाऊन गेल्या बाजारात घेतलेल्या घोडीचा ओठ वर केला. व्यापाऱ्यानं ती आठ वर्षांची म्हणून दिली होती. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास एक तपकिरी खाच हिरडीपासून उतरू लागते आणि पंधराव्याला अर्ध्या दातापर्यंत पोचते, असा घोडेवाल्यांचा ठोकताळा आहे. खाच अर्ध्या दातापर्यंत पोचली होती.

पुढच्या बाजारात तात्यांनी त्या व्यापाऱ्याला गाठलं.

"मी म्हनलो व्हतो की तात्या, दात बघून घ्या," तो शांतपणे म्हणाला. "तुमीच लांबनं बघितलं."

तात्यांना ते पटलं. त्यांनी चष्मा खिशात घातला, घोडी सावलीला बांधली आणि गर्दीवर नजर टाकली. पन्नाशी ओलांडलेलं, बिनचष्म्याचं, मान मागं घेऊन भाव विचारणारं गिऱ्हाईक त्यांना दावणीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येत होतं.