कोपऱ्यावरचे निघाले म्हणे!

"ऐकलंस का? कोपऱ्यावरचे निघाले."

काकूंनी हे सांगताना हातातला सोऱ्या कठड्यावरून माझ्याकडे सरकवला. मालेगाव कॅम्पातल्या आमच्या गल्लीत घरं एकमेकांना खेटून आहेत, आणि गच्च्यांच्या मध्ये जेमतेम कमरेएवढा कठडा. काकूंच्या गच्चीवर दहा वाजेपर्यंत कडुनिंबाची सावली असते, म्हणून दर उन्हाळ्यात त्यांच्या कुरडया माझ्या गच्चीवर वाळतात. पलीकडून त्या सोऱ्या भरून देतात, अलीकडे मी प्लास्टिकवर फिरवते. चीक गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही, त्यामुळे गप्पा मारायच्या त्या हात चालू ठेवूनच.

"निघाले म्हणजे कुठं?"

"तेच तर ठरेना! त्याच्या कंपनीनं सांगितलं, मालेगावचं काम बंद, आता नाशिकच्या ऑफिसला या नाहीतर पुण्याच्या. पुण्याला पगार जास्त. तो म्हणतो पुणे, ती म्हणते नाशिक. आणि म्हातारी म्हणते, 'मी कथाच येवाव नई.' कुठंच येणार नाही म्हणे."

"पोरांचं काय म्हणणं?"

"त्यांना कोण विचारतंय? पोरगं पाचवीत, त्याला सायकल मिळाली की झालं. पोरीची दहावी झाली, तिच्यासाठीच तर पुणे चाललंय. इंजिनियर करायचीय तिला."

"पण काकू, त्यासाठी अख्खं घर पुण्याला कशाला न्यायचं? नाशिक, नगर, पुणे, तिन्ही जिल्हे एकाच विद्यापीठात. अकरावीचे प्रवेशही २०२५पासून सगळ्या राज्यात ऑनलाइनच झालेत. सीईटी तर इथूनही देता येते."

"अगं, क्लास असतात तिथले. आणि वर्गात सगळीच हुशार, मग आपलंही पाय ओढत का होईना पुढं सरकतं. इथं पहिला नंबर आला की पोरं निवांत होतात."

हे मात्र मला खोडता आलं नाही. कॅम्पातलं एमएसजी कॉलेज भाऊसाहेब हिऱ्यांच्या संस्थेनं काढलं नसतं तर आसपासच्या खेड्यांतली कितीतरी मुलं बारावीच्या पुढं गेलीच नसती. तेव्हा लोक शिकायला मालेगावात येत, आता शिकण्यासाठी मालेगाव सोडतात. त्यात मालेगावचं काही बिघडलंय असं नाही, मुलांच्या मागण्या वाढल्यात.

"पण खरी गंमत पुढंच आहे," काकूंनी आवाज खाली आणला. गच्चीवर आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं, तरीही. "काल पोरगी माझ्याकडं विरजण न्यायला आली होती. मी सहज विचारलं, तर म्हणते, आजी, मला इंजिनियर व्हायचंच नाही. मला जर्मन शिकायचंय."

"घरी माहितीय?"

"छे! घरात तिच्या इंजिनियरिंगवरून भांडणं पेटलीत, आणि ही गप्प."

आता या जर्मनसाठी मात्र पुण्याला तोड नाही. विद्यापीठाचा परदेशी भाषांचा विभाग तिथं रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, शिवाय भाषा शिकून पुढं कामही तिथंच मिळायचं. नेहमीच्या वाटेनं जायचं तर मधलं शहर पुरतं. चार पोरांपेक्षा वेगळं काही करायचं म्हटलं की मोठंच शहर लागतं. मी तसं म्हटलं तर काकू लगेच म्हणाल्या, "मग आता मात्र पुणे! मी तर नाशिकच्या बाजूनं होते."

"थांबा हो. तिला जायचंय, सगळ्यांना कुठं जायचंय?"

काकूंनी सोऱ्यात चीक भरता भरता हात थांबवला. "चीक गार होतोय," मी म्हटलं, तशा पुन्हा लागल्या.

मग आम्ही कोपऱ्यावरच्यांचा हिशेब मांडायला घेतला. दुसऱ्याचा संसार मोजायला बसलं की बायकांना कॅल्क्युलेटर लागत नाही. आधी गावं मोजली. २०११च्या जनगणनेत मालेगाव ४ लाख ७१ हजारांचं, नाशिक १४ लाख ८६ हजारांचं, पुणे ३१ लाख २४ हजारांचं.

"म्हणजे नाशकात तीन मालेगावं बसतात, आणि पुण्यात साडेसहा!" काकू म्हणाल्या. "ह्या तर जुन्या गोष्टी झाल्या. आता आणखी फुगली असतील."

"फुगू देत. ह्यांना कुठं सगळं शहर वापरायचंय? त्याला ऑफिस, मुलाला शाळा, आजींना डॉक्टर, वहिनींना शिवणाचं गिऱ्हाईक. एवढ्या चार जागा एकमेकींपासून किती लांब, तेच बघायचं. नाशकात ऑफिस अंबडला असलं तर सिडकोत नाहीतर इंदिरानगरात घर घ्यायचं, स्कूटरवर पोचतो माणूस. पुण्यात ऑफिस हिंजवडीला, स्वस्त घर वाघोलीला, असं झालं की दोन्ही टोकांच्या मध्ये अख्खं पुणे."

"मेट्रो झाली ना पण?"

"झाली की. वनाझ ते रामवाडी, पिंपरी ते स्वारगेट. घर आणि काम तिच्या वाटेवर असलं तर सोनं. नसलं तर स्टेशनपर्यंत जायलाच रिक्षा."

नाशिकलाही मी काही गोड लागू दिलं नाही. द्वारकेच्या चौकात अडकलेल्या माणसानं नाशिकला लहान शहर म्हणू नये. त्यात सिंहस्थ. २०२६च्या ३१ ऑक्टोबरला ध्वजारोहण, पुढं २०२७भर पर्वण्या आणि गर्दी. गंगेवर डुबकी मारायला पाहुणे येणार ते वेगळेच. "सगळ्या मालेगावचं अंथरूण-पांघरूण ह्यांच्याच घरी पडायचं," काकू म्हणाल्या. हा मुद्दा आम्ही दोघींनी गंभीरपणे नाशिकच्या विरोधात लिहून घेतला.

"आता पगार," मी म्हटलं. "पुण्याचा जास्त धरला तरी वहिनींचं मशीन धरलंय का कुणी?"

कोपऱ्यावरच्या वहिनी फॉल-पिको करतात, ब्लाउज शिवतात. लग्नसराईत त्यांच्या ओट्यावर पिशव्यांची रांग लागते. कुणाच्या दंडाचं माप काय, कुणाला गळा किती खोल चालतो, कुणाची सासू बघायच्या आत कुठलं ब्लाउज परत द्यायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. शहर बदललं की ती वही कोरी. नाशकात त्यांची बहीण आहे, आमच्या कसमादे, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यातली निम्मी कुटुंबं तिथं पोचलेली आहेत. वर्ष-सहा महिन्यांत गिऱ्हाईक पुन्हा जमेल. पुण्यात मात्र पंचवीस मजली इमारतीत बाराव्या मजल्यावर फॉल-पिकोची पाटी कुठं लावायची?

"आणि हे कुणी धरतच नाही," काकू चिडूनच बोलल्या. "त्याचा पगार वाढला म्हणून पेढे वाटतील. तिचं मशीन बंद पडलं तर म्हणतील, बरं झालं, आता आराम कर."

"आजींचं काय?"

आजींचं प्रकरण अवघड. पौषी पौर्णिमेला जवळच्या चंदनपुरीला खंडोबाची जत्रा त्यांनी कधी चुकवलेली नाही. चैत्रात खानदेशातून वणीच्या गडावर पायी जाणारे लोक मालेगावावरून जातात, तेव्हा आजी उन्हात दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ताक देतात. माठ रिकामा होईपर्यंत उठत नाहीत. ही म्हातारी पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसवून कुणाला ताक द्यायला लावणार?

"पण दुसरी बाजूही बघ," काकू म्हणाल्या. "तिला बीपी आहे. रात्री-अपरात्री छातीत कळ आली तर आपल्याकडं पहिला प्रश्न असतो, गाडी धुळ्याकडं वळवायची की नाशिककडं? ह्या वयात म्हातारीनं मोठ्या दवाखान्याजवळ असावं. ताक काय, कुठंही देता येतं."

काकू स्वतः सत्तरीच्या आहेत. त्या हे आजींबद्दल बोलत होत्या की स्वतःबद्दल, मी विचारलं नाही.

"नाशकाहून चंदनपुरी जमते," मी म्हटलं. "आजींना पंचाहत्तरी उलटलीय, २०२२पासून त्यांना एसटी फुकट. सोबतीला वहिनी आल्या तर २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट. सकाळी निघून जत्रा करून संध्याकाळी घरी. पुण्याहून नगर, शिर्डी, येवला, मनमाड करत रात्रभर हाडं मोडायची."

"रेल्वे होणारे ना आता?"

"होणारे. मनमाड-इंदूर मार्गाला २०२४च्या सप्टेंबरात केंद्रानं मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८ हजार ३६ कोटी. मालेगाव त्याच्यावर आहे."

"म्हणजे तुझ्या सुनेच्या बाळंतपणाला उपयोगी पडेल," काकू म्हणाल्या. माझा मुलगा अजून सातवीत आहे. "अगं, मालेगाव जिल्हा होणार हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते. अंतुले होते तेव्हा मुख्यमंत्री."

खरं तर मालेगावला लहान म्हणणंही तितकंसं खरं नाही. आग्रा रोडनं उत्तरेतून विणकर इथं आले, १८५७च्या धामधुमीनंतर पोट आणि माग घेऊन. त्यांनाही वाटेत दुसरी गावं लागली असणारच, तरी थांबले ते मोसम नदीच्या काठी. आज मागांचा खडखडाट शुक्रवारी थांबतो तेव्हा नव्या माणसाला चुकल्यासारखं होतं. काकूंचे सासरे कळवणच्या बाजूच्या खेड्यातून इथं आले, तेव्हा गावातले लोक म्हणाले होते, एवढ्या मोठ्या शहरात पोरांचं कसं व्हायचं? शहर मोठं की लहान, हे माणूस कुठल्या दिशेनं येतो त्यावर ठरतं.

चीक संपत आला तसा आमचा निकालही लागला. नवऱ्यानं नाशिकचं ऑफिस घ्यावं. पुण्याचा जास्तीचा पगार घरभाड्यात आणि वहिनींच्या बंद मशीनमध्येच जिरणार आहे. मुलाला नाशकात शाळा. आजींनी सहा महिने नाशिक, सहा महिने मालेगाव, त्यातले पौष आणि चैत्र ठरवून मालेगावचे. मुलीनं बारावी नाशकात करावी आणि मग जर्मनसाठी एकटीनं पुण्याला होस्टेलला जावं. अख्ख्या घरानं एकाच टेम्पोत बसून एकाच गावी गेलं पाहिजे, असा कायदा थोडाच आहे? ज्याला जेवढं शहर लागतं त्यानं तेवढं घ्यावं.

"हे त्यांना सांगणार कोण?" मी विचारलं.

"मी. आजच जाते संध्याकाळी. आणि घर विकू नका म्हणून बजावते. नाशकात आधी भाड्यानं राहून बघा, वर्षभर तरी. हे घर भाड्यानं द्या."

"बरोबर. नाही जमलं तर परत यायला दार उघडं."

"तर! घर चांगलं आहे. बोअरला पाणी आहे, मागं मोरी मोठी आहे, आणि पोटमाळ्यावर सामान राहतं. मी परवाच बघून आले."

"पोटमाळा कशाला बघितला काकू?"

काकूंनी रिकामं पातेलं उचललं. "माझी भाची आहे ना सटाण्याची. तिचा नवरा म्हणतो, पोरांच्या शिक्षणासाठी आता मोठ्या शहरात राहायला जाऊ. मी म्हटलं, थेट नाशिक कशाला? मालेगावला या."