साधंच करायचंय

लग्न ठरलं की दोन्ही घरांतून एकच वाक्य ऐकू येतं: ‘आम्हाला अगदी साधंच करायचंय.’ ते कानावर पडताच कार्यालयाचा मॅनेजर खुर्ची पुढे ओढतो, डेकोरेटर टॅब उघडतो आणि मेकअपवाली ताई ट्रायलची तारीख देऊन टाकते. धंद्यात मुरलेल्या माणसांना ठाऊक असतं, की ‘दणक्यात उडवायचंय’ म्हणणारा बाप चार ठिकाणी फिरतो, घासाघीस करतो, शेवटी ताटामागे दहा रुपये सोडवून घेतो. साधं करणाऱ्यांचं तसं नसतं. त्यांना अभिरुची असते, आणि तिचं बिल वेगळं येतं.

आमच्या डोंबिवलीच्या पुतणीला डिसेंबरात साधंच लग्न करायचंय. ती आयटीत आहे, त्यामुळे प्रेम जुळल्यावर आधी आईला सांगितलं की आधी एक्सेल शीट केली, याबद्दल घरात मतभेद आहेत. शीट मात्र देखणी आहे. कपडे ८० हजार, फुलं ५० हजार, पत्रिका २० हजार, आणि उजवीकडे ‘बचत’ नावाचा एक हिरवागार रिकामा रकाना. हॉल आणि जेवण बाबांकडे, म्हणजे बाबांच्या प्रॉव्हिडंट फंडाकडे.

काका या नात्याने मी आधी काही खरोखरची साधी लग्नं सुचवून पाहिली. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लावलं. पुरोहित नाही, डामडौल नाही, सावित्रीबाईंचा पुढाकार. दीडशे वर्षं झाली, नमुना तयार आहे, तारीखही डिसेंबरातलीच आहे. पुतणीचे डोळे चमकले. म्हणाली, ‘काका, किती मीनिंगफुल! याची थीम करता येईल.’

मग मी विशेष विवाह कायदा, १९५४ काढला. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्या, तीस दिवस थांबा, तीन साक्षीदार न्या, सह्या करा, घरी या. यावर वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. ‘तीनच? भावजी, माझ्या एकट्या माहेरचे सतरा आहेत. त्यातले तीन निवडायला मला सांगू नका. उरलेले चौदा मेल्यावरसुद्धा बोलणार नाहीत.’

शेवटचा उपाय म्हणून मी करोनाची आठवण करून दिली. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने फर्मान काढलं होतं: एकच हॉल, दोन तास, पंचवीस माणसं, मोडलंत तर पन्नास हजार दंड. समाजसुधारकांच्या चार पिढ्यांना जे जमलं नाही ते मंत्रालयातल्या एका आदेशाने करून दाखवलं होतं. त्या दोन तासांत लागलेली लग्नं माझ्या ओळखीत व्यवस्थित टिकली आहेत. फक्त त्यातल्या काहींनी ‘तेव्हा राहूनच गेलं’ म्हणत पहिल्या वाढदिवसाला चारशे पानं उठवली. पुतणीने दंडाचा आकडा ऐकला आणि हिशेब केला. ‘पन्नास हजार? काका, एवढ्यात हल्ली चांगल्या आर्टिस्टचं ब्रायडल पॅकेज येत नाही.’

तेव्हा कपड्यांकडे वळू.

साधं लग्न असल्यामुळे पोशाख पाचच आहेत. मेंदीला हिरवा, हळदीला पिवळा, गौरीहर पुजायला मामाकडची अष्टपुत्री, अक्षतांना पैठणी, रिसेप्शनला लेहंगा. मामा कऱ्हाडला असतो. भाचीला पिवळी साडी द्यायची तर दुकानात जायचं, पिवळी मागायची आणि गठ्ठ्यातली बरी दिसेल ती उचलायची, एवढीच त्या बिचाऱ्याची समजूत होती. भाचीने त्याला फोनवर रंगाचा चौकोन पाठवला. मस्टर्ड नको, लेमन नको, बटर यलो. तो चौकोन घेऊन मामा कऱ्हाडच्या पेठेत दोन दिवस फिरला. प्रत्येक दुकानात प्रकाश वेगळा, फोनचा ब्राइटनेस वेगळा. अखेर एका वयस्क दुकानदाराने चौकोन बघून विचारलं, ‘म्हणजे धुऊन विटलेली पिवळी का?’ ती त्याच्याकडे होती. नव्या पिवळीपेक्षा दीडपट किमतीला.

पैठणीसाठी येवल्याला जाऊन आले सगळे. माग बघितला, मागासोबत फोटो काढले, विणकराच्या बोटांचा स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घेतला. त्याने समजावून सांगितलं, की हातमागावरच्या पैठणीच्या पदरावरचा मोर उलट्या बाजूनेही तितकाच नेटका दिसतो. यंत्रमागावरच्या सेमी पैठणीला मागे सुटे धागे असतात. एका पदराला किती आठवडे बसावं लागतं तेही त्याने सांगितलं. सगळ्यांना गहिवरून आलं. वहिनी म्हणाल्या, ‘कला टिकली पाहिजे हो.’ मग किंमत ऐकून झाली, आणि परतीच्या वाटेवर गाडीत ठरलं की नवरीला उलट्या बाजूने कोण बघतं? सेमी पैठणी घेतली, साडेचार हजारांना. एक्सेलमध्ये टाळ्या पडल्या.

पुढे ब्लाउज आला.

मराठी लग्नातल्या या वस्त्राकडे अर्थतज्ज्ञांचं अजून लक्ष गेलेलं नाही. पूर्वी साडीबरोबर ब्लाउजपीस यायचा आणि कोपऱ्यावरचा शिंपी तो पंचमीपर्यंत देतो सांगून दसऱ्याला द्यायचा. आता आरी वर्क असतं. पाठीवर मोर, बाह्यांवर वेल, जमल्यास नवऱ्यामुलाचं नाव, मणी, कुंदन, जरदोसी. कारागीर फ्रेमवर कापड ताणून दिवसच्या दिवस हाताने भरत राहतो. साडेचार हजारांच्या साडीवर साडेनऊ हजारांचा ब्लाउज. पदरावरचा मोर यंत्राचा, पाठीवरचा हाताचा, आणि पाठीवरचा पदराखाली झाकला जाऊ नये म्हणून साडी नेसवणारी ताई वेगळी, तिचे पैसे वेगळे. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. ब्लाउजला अजून मिळालेलं नाही, पण दर बघता अर्ज करायला हरकत नाही.

लेहंगा ‘सब्यसाचीचा नाही हो काका, सब्यसाची टाइप’. २०१७ साली अनुष्का शर्माने इटलीत फिक्या गुलाबी लेहंग्यात लग्न केलं, तेव्हापासून आपल्याकडच्या रिसेप्शनांचा रंगच उडाला आहे. तो लेहंगा हिंदमाताला ‘सेम टू सेम’ मिळतो. नुसता फोन दाखवायचा, माळ्यावरून गाठोडं खाली येतं. इथे मला सरकारचं कौतुक वाटलं. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांवरच्या शिवलेल्या कपड्याला १८ टक्के जीएसटी आहे, साडी मात्र कापड म्हणून ५ टक्क्यांतच बसते. परंपरा जपण्याचा इतका सौम्य उपाय दुसरा कुठला असेल? मी हे पुतणीला सांगितलं. तिने लेहंगा भाड्याने घ्यायचं ठरवलं. अनामत रक्कम, ड्रायक्लीनिंग, फिटिंग आणि ‘मणी गळाल्यास’ या नावाखालचा एक अगम्य आकार धरून तो विकतच्या लेहंग्याच्या जवळपास गेला, पण रात्री परत करायचा आहे. दागिन्यांबद्दल बोलत नाही. तोळा लाखावर गेल्यापासून आमच्याकडे त्या विषयावर कोणी मोठ्याने बोलत नाही. एक ग्रॅमचा सेट आहे, उजेडात छान दिसतो.

फुलांचं प्रकरण जास्त नाजूक. माझा समज असा, की डिसेंबरात महाराष्ट्रात लग्न आहे म्हणजे झेंडू आहे, शेवंती आहे, प्रश्न मिटला. डेकोरेटरने झेंडूचं नाव ऐकून डोळे मिटले. ‘सर, झेंडू टेम्पल वाइब देतो.’ झेंडूचं दुर्दैव असं, की तो इथेच पिकतो. दसऱ्याला शंभरी गाठतो, पुढच्या आठवड्यात शेतकरी तो रस्त्याच्या कडेला ओतून घरी जातो, आणि तरी त्याला पेस्टल होता येत नाही. थीम ‘मिनिमल’ असल्यामुळे थायलंडचं ऑर्किड लागेल, जरबेरा लागेल, आणि पांढऱ्या ठिपक्यांचं ते जिप्सो लागेल, जे फुलासारखं दिसत नाही म्हणूनच महाग आहे. आणि मोगरा. पुतणीला मोगऱ्याच्या माळांचा पडदा हवाय. मोगरा उन्हाळ्याचा. थंडीत त्याचा भाव किलोमागे हजारांत बोलला जातो, हे तिला सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘पण लग्न एकदाच होतं ना.’

या वाक्यापुढे एक्सेल चालत नाही. मी शीटमध्ये बघितलं, तिथे त्याच्यासाठी फॉर्म्युला नाही.

डेकोरेटर मात्र व्यवहारी निघाला. त्याने तडजोड सुचवली: हाताला लागतील तिथे खरी, उंचावर आर्टिफिशियल. कॅमेऱ्यात कळत नाही. ही प्लास्टिकची फुलं एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जातात. एका हंगामात त्यांनी जेवढी लग्नं पाहिलेली असतात तेवढी आमच्या गुरुजींनीही लावलेली नसतात. त्यांचं भाडं ताज्या झेंडूच्या विकतच्या किमतीपेक्षा जास्त आहे. का, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘सर, ती प्रीमियम आहेत. धुतो आम्ही.’

थोरल्या आत्याला हे पटलं नाही. आत्या गिरगावात वाढलेली. ‘पहाटे चारला दादरच्या फूलबाजारात जायचं, घाऊक आणायचं, बायकांनी बसून माळा ओवायच्या. आमच्या लग्नात सजावटीला कोण आलं होतं?’ सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर माळा ओवायला कोण बसणार याची यादी काढली. वहिनींना पाठ, मावशीला गुडघा, चुलत बहिणींची त्या दिवशी हेअर अपॉइंटमेंट. यादीत शेवटी आत्याच उरली, आणि ती म्हणाली, ‘मी सांगायला आहे.’

पत्रिकेने घर फोडायचंच बाकी ठेवलं. पुतणीची पत्रिका अशी: हातकागदाचं एक कार्ड, वर दोन नावं, खाली तारीख आणि नकाशासाठी क्यूआर कोड. बास. बाबांनी ते कार्ड उलटं करून बघितलं, आत काही आहे का ते बघितलं, मग विचारलं, ‘आम्ही कुठे आहोत?’ आजोबांचं नाव नाही, कुलदैवत नाही, श्रीकृपेकरून नाही, आपले नम्र नाहीत. सगळ्यात मोठा अन्याय भाचरांवर: ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ या ओळीखाली छापून येण्यासाठीच आमच्याकडे काही मुलांची नावं ठेवली गेली आहेत. त्यात सासरच्या गावाकडून निरोप आला, की तिकडच्या पत्रिकेत समस्त भावकी, सरपंच, दोन माजी सभापती आणि विद्यमान आमदार ‘प्रमुख उपस्थिती’त असतात. आमदारांना लग्नाची कल्पना नाही. त्यांना कधीच नसते, तरी ते येतात.

तेव्हा पत्रिका दोन झाल्या. मित्रांना मिनिमल, नातेवाइकांना मॅक्सिमल. दुसरीसाठी मंडळी खाडिलकर रोडला गेली. तिथे दुकानदार पाणी देतो आणि कार्डांचा डोंगर पुढ्यात ओततो. लेझर कट, मखमली, ड्रायफ्रूटच्या खोक्यासकट. शंभरच्या खाली कोणी छापत नाही, त्यामुळे साठ मित्रांसाठी शंभर मिनिमल पत्रिका आल्या. त्यासुद्धा साध्या कागदाच्या नाहीत. पर्यावरणाचा विचार करून पुतणीने बिया घातलेला कागद निवडला: पत्रिका वाचायची, फाडायची, कुंडीत पेरायची, पाणी घालायचं. नेहमीच्या कार्डाच्या तिप्पट किंमत. मी कुतूहलाने विचारलं, उगवतं काय?

झेंडू.

मांडवातून हाकललेला झेंडू आता साठ मित्रांच्या बाल्कन्यांतून उगवणार आहे, आणि त्याचे पैसेही आपणच भरले आहेत. मी काही बोललो नाही. काकाने कुठे थांबावं ते मला कळतं.

उरला व्हॉट्सअ‍ॅपचा मार्ग, फुकटचा. पण लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल पाठवून बँकखाती रिकामी करणारे भामटे निघाल्यापासून आणि सायबर पोलिसांनी तसे इशारे दिल्यापासून आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर कोणी पत्रिका उघडत नाही. पुतणीने पीडीएफ टाकली, तर साताऱ्याच्या काकांनी तिला फोन करून सांगितलं, ‘बेटा, तुझा नंबर हॅक झालाय, कोणीतरी तुझं लग्न लावतंय.’ शिवाय उघडली तरी ती पत्रिका धरत नाहीत. कोपऱ्यांना हळदकुंकू लावून, घरी येऊन, चहा पिऊन दिली तरच आमंत्रण. नाहीतर ‘फोनवर टाकलं हो नुसतं’ हे पुढची वीस वर्षं ऐकायचं. म्हणून सध्या दर रविवारी बाबा आणि वहिनी गाडी काढून ठाणे, वसई, पनवेल करत आहेत. पेट्रोलचा रकाना शीटमध्ये नव्हता. तो बाबांच्या खात्यात गेला.

पत्रिकेच्या तळाला ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलंय. हा आग्रह पुतणीचा. वहिनींनी तो मान्य केला, कारण कोणी ऐकत नाही हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. शिवाय त्यांच्या वहीत कोणाला आपण काय दिलं होतं हे १९९८ पासून लिहिलेलं आहे.

नवऱ्यामुलाच्या खर्चाचं मी विचारलं. शेरवानी, भाड्याने, एक. त्याच्याकडे शीट नाही.

परवा फुलांचा अंदाज घ्यायला आम्ही दादरला गेलो होतो. कपड्यांचा आकडा ८० हजारांवरून सव्वा लाखावर, फुलांचा ५० हजारांवरून ९० हजारांवर गेलेला. स्टेशनबाहेर एक बाई टोपलीत गजरे घेऊन बसली होती. थंडीचे दिवस, मोगरा महाग. एका गजऱ्याचे साठ सांगितले. माझी पुतणी, जिने प्लास्टिकच्या फुलांच्या धुण्याचे पैसे हूं की चूं न करता कबूल केले होते, ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘साठ? मावशी, लुटताय का? चाळीसला द्या.’ मावशी म्हणाली, पहाटे आणलाय, परवडत नाही. पुतणी दोन पावलं चालू लागली. आपल्याकडे एवढी एक विद्या आयांनी मुलींना पूर्ण शिकवलेली आहे. मावशीने हाक मारली, चाळीसला दिला, वर पानात बांधून दिला.

लोकलमध्ये बसल्या बसल्या तिने फोनवर शीट उघडली आणि हिरव्या रकान्यात पहिला आकडा टाकला: २०.